तीन नंबरची काच

चाचा, आधी जे सांगायचं ते सांगून टाकते, नाहीतर मी नेहमीसारखी इकडचं तिकडचं बोलत बसेन. तीन नंबरच्या रिअ‍ॅक्टरची काच दत्तूनं नाही फोडली. मी फोडली. सहा वर्षं हे वाक्य माझ्या घशात अडकून होतं, आणि आता निघालं तर ऐकायला तुम्ही नाही. तुम्हाला जाऊन पंचवीस दिवस झाले. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला एवढं एक वाक्य जमू नये, याची मला माझीच चीड येते.

वाळूजच्या आपल्या केमिकल प्लांटमध्ये मी रुजू झाले तेव्हा तुम्ही लोखंडी जिन्याच्या तळाशी स्टीलची परात घेऊन उभे होता. मला वाटलं, कोणाच्या तरी बारशाचे पेढे वाटताहेत. मी हात पुढं केला तर म्हणालात, "घ्यायचं नाय बेटी, ठेवायचं. खिशात काय असंल ते समदं." पेन, किल्ल्या, मोबाईल, केसातली पिन, सगळं. रिअ‍ॅक्टर उघडा असेल त्या दिवशी वर जाणाऱ्यानं खिसे त्या परातीत रिकामे करायचे, हा तुमचा कायदा होता, कारण आतल्या काचेची तपासणी तुमच्याकडं होती. मुंबईहून आलेल्या डायरेक्टरसाहेबांनाही तुम्ही सोडलं नाहीत. "वरून एक पेन पडलं तरी टवका उडतो साहेब," म्हणालात, आणि साहेबांनी निमूटपणे कमरेचा पट्टासुद्धा काढून ठेवला.

मी बांगड्या काढल्या, पण मंगळसूत्रावर भडकले. लग्नाला तीन महिने झालेले, त्यात वैजापूरच्या पाटलाची लेक, डोकं कायम तापलेलं. "मंगळसूत्र काढ म्हणणारे तुम्ही कोण?" असं सगळ्यांदेखत ओरडले. तुम्ही खाली बघत म्हणालात, "मी कोण नाय. नका काढू. फकत वर जाऊ नका." मी गेले नाही, दिवसभर फणफणत राहिले. दुसऱ्या दिवशी तुम्ही घरून चाचींनी शिवलेली एक सुती पट्टी घेऊन आलात. मंगळसूत्र आत ठेवून वरून गळ्याशी नाडी बांधायची. "आता सोनं बी सलामत, काच बी सलामत," म्हणालात. ती पट्टी अजून माझ्या लॉकरमध्ये आहे.

या भांड्याला काच कशाला लागते, हे मी कॉलेजात चार वर्षं शिकून आले होते, पण कळलं ते तुमच्याकडून. "तामचिनीचा थाळा बघितला ना बेटी? आत लोखंड, वरून भाजून चढवलेली काच. थाळा आपटला की टवका उडतो, आन् तिथं गंज चढतो. हे तेच हाय. फकत खोलीएवढं, आन् आत डाळीच्या जागी अ‍ॅसिड." झालं, एवढंच. माझी जाडजूड पुस्तकं तुमच्या एका थाळ्यात मावली.

आत उतरले तो दिवस तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. आत उतरायचं परमिट झालं, आतली हवा तपासली, कमरेला दोर बांधला, बुटांवर कापडी पिशव्या चढवल्या. दोर धरून मॅनहोलपाशी दत्तू उभा होता. तो आपला ऑपरेटर, फर्दापूरकडचा, कंत्राटावरचा, बोलायला कमी आणि कामाला वाघ. मी खाली उतरले आणि चारी बाजूंनी नुसतं निळं. निळीच्या डबीत उतरल्यासारखं वाटलं. कुठं सांधा नाही, कुठं ओरखडा नाही, आपलाच चेहरा वाकडातिकडा होऊन सगळीकडून आपल्याकडं बघतोय. मी काहीतरी बोलले तर आवाज देवळाच्या गाभाऱ्यात घुमावा तसा घुमला. तुम्ही माझ्या आधी उतरून तळहात त्या भिंतीवर ठेवला होता, लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा. "दीड मिलिमीटर," म्हणालात. "एका बाजूला उकळतं अ‍ॅसिड, दुसऱ्या बाजूला आपण. मधी एवढंच." माझ्या अंगावर काटा आला, चाचा. रोज त्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून आम्ही घरच्या भाज्यांच्या गप्पा मारायचो. त्या गप्पा दीड मिलिमीटरच्या जिवावर चालल्या होत्या.

मग तुम्ही तो तारेचा ब्रश काढलात, विजेचा दाब असलेला. काच धड असेल तर ब्रश मुका फिरतो. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी तिथं चट्कन ठिणगी उडते. पण खरं सांगू? ब्रश फिरवायच्या आधीच तुम्हाला ठाऊक असायचं. टॉर्च आडवी धरून, डोळे बारीक करून तुम्ही भिंतीवरून बोट फिरवायचात आणि एका जागी थांबायचात. "इथं बघ." मला काही दिसायचं नाही. मग ब्रश आणला की तिथंच ठिणगी. मी दर वेळी तोंड वासून बघत राहायचे, आणि तुम्ही म्हणायचात, "तोंड बंद कर बेटी, थुंकी पडंल."

एकदा चार नंबरमध्ये चांदणीसारखा तडा सापडला. फिटर शपथा घेत होता की आत कोणी काही पाडलं नाही. तुम्ही आतूनच हाक मारलीत, "आत नाय पाडलं, बाहेरून ठोकलंय. आन् खाली बसून ठोकलंय. उभ्या माणसाचा हात इथं येत नाय." फिटरचा चेहरा उतरला. खालच्या पाईपच्या जोडाचा जाम झालेला फ्लँज सुटेना म्हणून त्यानं उकिडवं बसून दोन हातोडे मारले होते. बाहेरच्या लोखंडाला काही झालं नाही, आतली काच मात्र फुटली. त्याला वाटलं होतं, लोखंडच तर आहे. तुम्ही त्याला शिवी दिली नाही. त्याचा हात धरून आत नेलंत, तडा दाखवलात, त्याच्या बोटानं चाचपायला लावलंत. त्यानंतर त्या माणसानं रिअ‍ॅक्टरला कधी हातोडा लावला नाही.

आपलं भांडण व्हायचं ते कॉस्टिक सोड्यावरून. मला धुणं पटकन उरकायचं असायचं, गरम कॉस्टिक सोडलं की चिकटलेलं सगळं सुटतं. तुम्ही रागानं लाल व्हायचात. "अ‍ॅसिडला काच भीत नाय, ती भिते कॉस्टिकला. तेबी गरम! हळूहळू चाटून खातंय ते." मी म्हणायचे, चाचा, एवढं जपून कधी प्रॉडक्शन निघतं का? रिअ‍ॅक्टर वापरायलाच आणलाय, पूजेला नाही. तुम्ही म्हणायचात, "रिअ‍ॅक्टर आपल्या मौतीनं मरत नाय बेटी, त्याला मारतेत. कोण हातोड्यानं, कोण घाईनं." हे भांडण अर्धंच राहिलं. पुढची माझी बाजू तयार होती, पण जाऊ द्या, तुम्हीच खरे होता.

घाईनंच मारलं मी. शिफ्ट इन्चार्ज होऊन मला दोन महिने झाले होते. माझी शिफ्ट सगळ्यात जास्त बॅच काढते, हे मिरवायची मला फार हौस. सकाळची शिफ्ट होती. तीन नंबर धुऊन, जॅकेटला, म्हणजे भांड्याभोवतीच्या पोकळ कवचाला, वाफ देऊन वाळवला होता, भिंती कढत होत्या. नियम साधा: भांडं निवू द्यायचं, मग आत भरायचं. त्यात दीड तास जातो. मी दत्तूला म्हटलं, सोड थंडगार पाणी. तो म्हणाला, "म्याडम, भांडं लई तापलंय. जरा निवू द्या की." मी खेकसले, "तुला सांगितलं तेवढं कर. जबाबदारी माझी." त्यानं व्हॉल्व्ह उघडला. आतून टण् असा आवाज आला. कंदिलाच्या तापल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की येतो तसा, फक्त खोल. दत्तूनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "पाईपचा आवाज असेल." आणि पुढची बॅच घेतली. त्यानंतर आणखी दोन.

तिसऱ्या बॅचच्या नमुन्यात लॅबला लोखंड सापडलं. तुम्ही कागद वाचलात, चष्मा काढलात आणि नुसतं म्हणालात, "बंद करा." दुसऱ्या दिवशी उतरलात, मीही मागं उतरले. काचेचा नखाएवढा टवका उडाला होता, आणि तिथून अ‍ॅसिडनं आतल्या लोखंडात बोट जाईल एवढा खड्डा पाडला होता. तुम्ही खरंच करंगळी घातलीत त्यात. "अजून एक-दोन बॅच," म्हणालात, "मग हे जॅकेटात फुटलं असतं. वर कोण कोण होतं?" वर दत्तू होता, मी होते, पॅकिंगच्या दोन बायका रोज तिथूनच जायच्या. मी कमरेचा दोर दोनदा ओढला. तुम्हाला वाटलं मला आत गुदमरलं. तुम्ही मला आधी वर पाठवलंत.

मग प्लांट हेडसाहेबांची केबिन. तुम्ही रिपोर्टात लिहिलं होतं: तापलेल्या काचेवर थंड पाणी. साहेबांनी विचारलं, कोणी सोडलं? तुम्ही म्हणालात, "काच कशी फुटली ते मी सांगू शकतो साहेब. कोणी फोडली हे काच सांगत नाय." साहेबांनी लॉगबुक उघडलं. व्हॉल्व्हवर दत्तूचं नाव. सगळे दत्तूकडं बघायला लागले. दत्तू माझ्याकडं बघायला लागला. आणि मी, चाचा, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभी राहिले. त्याच्या कार्डावर "ऑपरेटरचा निष्काळजीपणा" असा शेरा पडला. त्या वर्षी तो पर्मनंट होणार होता, ते गेलं. त्याला काढूनच टाकणार होते. तुम्ही हात जोडून म्हणालात, "काढू नका. माझ्या हाताखाली द्या त्याला." माझ्या हाताखालून तो तुमच्या हाताखाली गेला, आणि मला पुढच्या वर्षी बढती मिळाली.

तो खड्डा तुम्हीच बुजवलात, टँटलमचं बूच बसवून. या धातूला अ‍ॅसिड शिवत नाही. दर वर्षी तीन नंबर उघडला की तुम्ही आधी त्या बुचाच्या कडेनं ब्रश फिरवायचात, मग वर येऊन, हात पुसून, माझ्याकडं न बघता विचारायचात, "म्याडम, काय सांगायचंय का?" एरवी मी बेटी होते. त्या एका दिवशी म्याडम. मी म्हणायचे, "नाही, काय सांगायचं?" तुम्ही म्हणायचात, "हौ, बरं." आणि परात आवरायला लागायचात. सहा वेळा विचारलंत, चाचा. एकदाही त्यापुढं एक शब्द वाढवला नाहीत. त्यानंतरही मला तसंच शिकवलंत, माझ्या मुलाला ईदेला शीरखुर्मा तसाच पाठवलात. तुम्हाला ठाऊक होतं की नुसता संशय होता, मला कळायचं नाही. कधी कधी वाटायचं, ओरडा ना एकदा माझ्यावर! माणूस एवढं कसं थांबू शकतं, याचं मला आजही नवल वाटतं, आणि भीतीही.

हॉस्पिटलात दोनदा आले तुम्हाला भेटायला. पहिल्यांदा चाची उशाशी होत्या, म्हटलं त्यांच्यासमोर नको. दुसऱ्यांदा तुम्ही एकटे होता. नळ्या लावलेल्या, आवाज बसलेला. तरी पहिला प्रश्न, "तीन नंबर कसा हाय?" मी म्हटलं, चांगला आहे. मग नव्या गॅस्केटबद्दल बोलले, क्लॅम्प सगळीकडून सारखे आवळले का ते सांगितलं, कँटीनच्या उप्पीटाबद्दल बोलले. अर्धा तास बडबडले. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. निघताना तुम्ही डोळे उघडून माझ्याकडं बघितलंत, आणि मी म्हटलं, "येते परवा." परवा मी सिल्लोडच्या रस्त्याला होते, तुमच्या मय्यतीला.

बायका आतल्या खोलीत बसल्या होत्या, मी चाचींजवळ बसले. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "वैशाली, वो बोलते थे, लडकी गुस्सेवाली है, पर दिल की साफ है." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाहेर दत्तू मांडवाचा खांब धरून उभा होता, सख्खा बाप गेल्यासारखा रडत होता.

मागच्या सोमवारी प्लांट हेडनी त्याच केबिनमध्ये मीटिंग घेतली. तुमच्या जागी कोण? रिअ‍ॅक्टरच्या आत कोण उतरणार, सही कोण करणार? मी दत्तूचं नाव सुचवलं. सहा वर्षांत तुम्ही त्याला सगळं दिलंत. परवा मी बघितलं, तोही आता टॉर्च आडवी धरून एका जागी थांबतो, आणि तिथंच ठिणगी उडते. साहेबांनी त्याचं कार्ड काढलं आणि शेरा वाचला. "ज्यानं काच फोडली त्यालाच काचेची राखण? बाहेरची एजन्सी बोलवा, आणि याचं कंत्राटही आता कशाला वाढवायचं?" म्हणाले. समोर भिंतीवर तेच कॅलेंडर, फक्त वर्ष नवं.

मी उभी राहिले. मला वाटलं होतं आवाज कापेल. नाही कापला. म्हटलं, "साहेब, तो शेरा खोटा आहे. पाणी सोड असं मी सांगितलं. तो नको म्हणत होता. आवाज ऐकूनही मी बॅच घेतली." कोणाच्या तरी हातातली पेन्सिल खाली पडली. साहेबांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला, म्हणाले, "लिहून द्या." मी तिथंच लिहून दिलं. माझी चौकशी लागलीय, नोकरी राहील की नाही सांगता येत नाही. घरी नवऱ्यानं विचारलं, आत्ताच का? मी म्हटलं, विचारणारं माणूस गेलं म्हणून. दत्तूचा शेरा पुसला गेला. काल त्याच्या हातात पर्मनंटचं पत्र पडलं.

आज तीन नंबर उघडायचा होता. मी जिन्यापाशी गेले. दत्तू दोर तपासत होता. मी म्हटलं, "दत्तू, मला माफ कर." त्यानं दोर खाली ठेवला.

"चाचांना मी शेरा पडला त्याच दिशी सांगितलं होतं," तो म्हणाला. "ते साहेबांकडं निघालेच होते. मीच पाय धरले त्यांचे. कंत्राटी माणूस मी, तुम्ही नाय म्हणला असता तर माझं कोण ऐकणार? दोन पोरी शाळंत. चाचा म्हणले, बरं, मग तिला येऊ दे. ती आपल्या पायानं येईल."

मी जिन्याचा कठडा धरला.

"मी म्हणायचो, नाय यायच्या. ते म्हणायचे, येईल. दर साली हेच. दवाखान्यातबी हेच." त्यानं दोर पुन्हा उचलला. "तुम्ही सांगितलं, लई बरं केलं. माझ्या पोरीबी खूश हायत. पण म्याडम, मला कशाला सांगताय? मला तर ठाऊकच होतं. ऐकायचं चाचांना होतं."

तो रागानं नाही बोलला, चाचा. म्हणूनच मला सहन झालं नाही. मी तिथंच जिन्याच्या पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले, तुमच्या मय्यतीलाही रडले नव्हते तशी. दत्तूनं मला पाण्याची बाटली आणून दिली, कमरेला दोर बांधला आणि आत उतरला.